परतीचा तिसरा टाका

अकराही पर्सेस टेबलावर मांडून झाल्या, तरी धाकटीचा हात थांबत नव्हता. तिने बादली उचलून साखळीच्या पलीकडे ठेवली, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि पुन्हा होती तिथे आणली.

“लग्नाचा फोटो काढायचाय का त्यांचा?” काउंटरमागून थोरला म्हणाला. “उंच मागे, बुटक्या पुढे?”

“दादा, तू नुसता बसून राहा. तेवढं तुला छान जमतं.”

वडील गेल्याला चौदा महिने झाले होते. मधल्या काळात बहीण-भाऊ पुन्हा लहानपणीसारखे बोलायला लागले होते. याने घर जवळ आलं की नुसती बोलण्याची सवय परतली, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

बादली, साखळी, पेटी, चौकट, चंद्रकोर ही नावं या पर्स-दुरुस्तीच्या दुकानातली. कंपन्यांनी दिलेली भपकेदार नावं वडिलांनी कधी जिभेवर येऊ दिली नाहीत. वरच्या तोंडाला पितळी कमान असलेली ती चौकट. पुढे कुलूप आणि वर एकच ताठ मूठ असलेली पेटी. गोधडीसारखी टिपलेली, झाकणाची, खांद्याला साखळी येणारी ती साखळी. नाडी ओढून तोंड आवळायची बादली. खांद्याखाली काखेत मावणारी चंद्रकोर. वडील म्हणत, प्रत्येक प्रकार आपापल्या जागी मरतो. पेटी मुठीच्या मुळाशी, साखळी कोपऱ्यांत, बादली नाडीच्या भोकांपाशी, चौकट बिजागरीवर. मालकांनी आशा सोडलेल्या अशा पर्सेस त्यांनी चाळीस वर्षांत एकेक करून विकत घेतल्या, उलगडल्या, पुन्हा शिवल्या आणि कपाटात ठेवल्या. विकल्या मात्र नाहीत. कारण विचारलं तर म्हणत, “बघू.”

धाकटीचं स्वतःचं शहराच्या दुसऱ्या टोकाला जुन्या पर्सेसचं दुकान होतं. ठसा, कुलूप आणि अस्तर पाहून ती सालापर्यंत पोचायची. या अकरांची यादी करायला तिने वर्ष घातलं होतं. प्रत्येकीसाठी जाड कागदाचं एक कार्ड, त्यावर प्रकार, साल, काय मोडलं होतं, काय बदललं. शेवटच्या ओळीत अकराही कार्डांवर कारागीर म्हणून वडिलांचं नाव होतं. ते नाव दुकानाच्या पाटीखेरीज आजवर कुठे लिहिलं गेलं नव्हतं, आणि ते कुठेतरी लिहिलं जावं एवढंच तिला हवं होतं.

“वहिनी, डॉक्टरबाई आल्या की तुम्ही बाहेर या हं. आत बसून राहू नका.”

आतल्या खोलीतून “हो वन्सं” असं आलं. पाठोपाठ चामडं टोचायची आरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला.

आई खिडकीशी बसली होती.

०

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर होत्या. दवाखाना सोडून त्यांना सात वर्षं झाली होती, पण हत्यारं सुटली नव्हती. त्यांनी पिशवीतून लांब दांड्याचा इवलासा आरसा काढला, बारीक टॉर्च काढला आणि पहिल्या चौकटीचं तोंड उघडून आत डोकावल्या. “आ करा,” असं त्या म्हणाल्या नाहीत इतकंच.

त्यांनी स्वतःच्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या लोकांना पाहण्यासाठी खुल्या केल्या होत्या. तिथे फक्त दुरुस्त केलेल्या पर्सेस होत्या.

“बाकीचे संग्राहक हात न लागलेला माल शोधतात,” त्या थोरल्याला सांगत होत्या. “कागदसुद्धा न काढलेला. मला ते पटत नाही. जिला कधी काही झालंच नाही, तिच्याशी बोलायचं काय?”

“अगदी बरोबर,” थोरला म्हणाला. ग्राहकाशी तो नेहमीच सहमत असे.

“पण माझा एक नेम आहे. एक कपाट, एक हात. तुमच्या वडिलांच्या अकरा असतील तर अकराही नेईन, स्वतंत्र खोली देईन. त्यांच्या नावाची.”

धाकटीने भावाकडे पाहिलं. थोरल्याने मान डोलावली आणि काउंटरवरचं रद्दीचं पान उगाच घडी घालून ठेवलं.

त्याला माहीत होतं. अकरातल्या चार वडिलांच्या नव्हत्या. मधाळ रंगाची पेटी, दुसरी साखळी, हिरवी बादली आणि चंद्रकोर, या चारही त्याच्या बायकोने शिवल्या होत्या. शेवटच्या सहा वर्षांत वडिलांचे हात थरथरायचे. ग्राहक आला की ते खिडकीशी पर्स मांडीवर घेऊन बसायचे, सुई हातात धरायचे. ग्राहक गेला की पर्स आत जायची. घराबाहेर कुणाला हे माहीत नव्हतं, आणि लग्न होऊन गेलेली धाकटी या बाबतीत घराबाहेरच होती.

थोरला सोळा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या पर्सनंतर त्याच्या हातातली आरी काढून घेत ते म्हणाले होते, “तुला माणसं सांभाळता येतात. तू पुढे बस.” बोलले प्रेमानेच. पुढे त्याची बायको या घरात आली आणि वर्षभर नुसतं बघून दोन सुयांची शिवण शिकली. एकाच दोऱ्याची दोन टोकं, एकाच भोकातून समोरासमोर. त्याला हेवा वाटला नाही. निदान तो स्वतःला तसं सांगत आला होता.

“या दोन पेट्या बघा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी काळी आणि मधाळ शेजारी शेजारी घेतल्या. “काळीची मूठ ताठ आहे. उत्तम काम. पण मधाळीची मूठ धरा जरा. हाताला किंचित झुकते. आतला दोर काढून चामड्याच्याच पट्ट्या एकावर एक घातल्यात. ही पेटी आता मुठीपाशी मरणार नाही. दोन्हींत किती वर्षांचं अंतर?”

“एकवीस,” धाकटी लगेच म्हणाली. “माणूस शिकतच गेला शेवटपर्यंत.”

“हं.” आरसा आत गेला. “एकच कळत नाही. शिवण संपते तिथे दोरा सुटू नये म्हणून टाके मागे घेतात ना?”

“परतीचे टाके,” थोरला म्हणाला.

“काळीवर परतीचे दोन. त्या चौकटींवर दोन, या साखळीवर दोन. मधाळीवर तीन. हिरव्या बादलीवर तीन. चंद्रकोरीवर सगळीकडे तीन.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हात आणखी चांगला झाला, मग माणूस भित्रा का झाला?”

थोरल्याला आपला आवाज ऐकू आला. “वय झालं की काळजी वाढते हो. रात्री दाराची कडी तीनदा बघायचे ते.”

धाकटी हसली. “दादा, खरंच? मला नव्हतं माहीत.”

“तू इथे होतीस कुठे?” तो म्हणाला. ते जरा जास्तच तुटक झालं.

०

आईला ऐकू कमी येतं असा घरात समज होता, आणि तिने तो कधी खोडून काढला नव्हता. दाराच्या कडीची गोष्ट तिने स्पष्ट ऐकली. तिच्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात कडी बघितली नव्हती. ती कडी तीच लावायची.

लपवण्याची कल्पना तिची होती. पहिल्या वेळी, जेव्हा पेटीची मूठ नवऱ्याच्या हातून दोनदा निसटली आणि सुनेने काही न बोलता ती उचलून आत नेली, तेव्हा आईनेच थोरल्याला आणि सुनेला दाराआड बोलावून सांगितलं होतं, “कुठे बोलू नका. यांना लागेल.” सुनेने मान हलवली. ती नेहमी अशीच मान हलवत असे, त्यामुळे तिच्या मनात काय आहे हे शोधायचा आईने फारसा प्रयत्न केला नव्हता.

आणखी एक गोष्ट होती, जी त्या दोघांनाही माहीत नव्हती. चंद्रकोर पूर्ण झाली त्या संध्याकाळी नवरा म्हणाला होता, “लोकांना सांगायला हवं गं आता. हे काम माझ्यापेक्षा सरस आहे.” ती म्हणाली होती, “सांगू की. घाई काय आहे?” त्यानंतर तो पाच महिने होता. पाच महिन्यांत तिने तो विषय निघू दिला नाही. नवऱ्याच्या मानासाठी, असं ती स्वतःशी म्हणत आली. पण त्याला स्वतःला त्या मानाची गरज नव्हती, हे तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. ती गरज तिची होती. चाळीस वर्षं ती एका कारागिराची बायको होती, आणि तिला शेवटपर्यंत तीच राहायचं होतं.

टेबलापाशी डॉक्टरबाईंनी एक छापील कागद काढला होता.

“इथे सही करा म्हणजे झालं. अकराही पर्सेसची दुरुस्ती एकाच कारागिराच्या हातची आहे, एवढंच आहे यात. तुम्ही या व्यवसायातल्या आहात, तुमचा शब्द मला पुरे.”

“दादा, पेन.”

थोरल्याने पेन दिलं. तो गप्प राहून पेन देतोय हे आईने पाहिलं. आता बोलायला हवं असं तिला वाटलं, आणि ती बोलली नाही.

०

सून आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती बराच वेळ तिथे होती, पण दारात उभ्या असलेल्या माणसाची या घरात फारशी दखल घेतली जात नसे आणि तिचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. डॉक्टरबाईंनी मधाळ पेटीची मूठ धरली तेव्हा तिच्या स्वतःच्या पंजात काहीतरी हललं होतं. त्या मुठीसाठी तिने एकोणीस दिवस घालवले होते. तिचं कौतुक कुणीतरी, तिच्यासमोर, दुसऱ्याच्या नावाने करत होतं. आजवर तिला वाटत आलं होतं की आपल्याला याचं काही नाही. आता तसं वाटेना.

तरी ती गप्पच राहिली असती. पण धाकटीने कागदावर पेन टेकवलं.

“वन्सं, सही करू नका.”

सगळ्यांनी पाहिलं.

“का हो वहिनी?”

“उद्या कुणी ओळखलं तर तुमचं नाव जाईल. या चार बाबांच्या नाहीत.” तिने बोटाने एकेक दाखवली. मधाळ, साखळी, बादली, चंद्रकोर.

“म्हणजे काय? मग कुणाच्या आहेत?”

कुणाच्या नाहीत ते तिला सांगता आलं होतं. कुणाच्या आहेत ते सांगायला स्वतःचं नाव तोंडी येईना. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण शोधत होता.

“अगं, तिच्या आहेत,” आई खिडकीपासून म्हणाली. “सुनेच्या.”

धाकटीने पेन खाली ठेवलं. “आई, तुला ऐकू येतंय काय चाललंय ते?”

“चांगलं येतंय. हात चालत नव्हते यांचे. सहा वर्षं हीच शिवत होती. चंद्रकोर झाली तेव्हा यांना सांगायचं होतं सगळ्यांना. पुढे पाच महिने होते, मी सांगू दिलं नाही.”

“बाबांना सांगायचं होतं?” सुनेने विचारलं. आवाज मोठा नव्हता. “मला म्हणाला नाहीत तुम्ही कधी.”

“नाही सांगितलं मी.”

“दादा, तुलाही माहीत होतं?” धाकटी भावाकडे वळली. “आणि ती कडीची गोष्ट?”

“सुचली तशी सांगितली.”

“शाब्बास! मी वर्षभर कार्डं लिहीत बसले. तू समोर चहाचे कप ठेवत होतास, आई मला साल सांगत होती. आणि वहिनी, तुम्ही? तुम्ही तर मला दोऱ्याचा रंग सांगितलात, ‘तपकिरी नव्हे, तंबाखू रंगाचा लिहा’ म्हणालात! तेव्हा तोंड शिवलं होतं का?”

“हो,” सून म्हणाली.



डॉक्टरबाईंनी आरसा पुसला. परक्या घरांतले वाद त्यांनी दवाखान्यात पुष्कळ ऐकले असावेत, कारण त्यांचा चेहरा बदलला नाही. “तो तिसरा टाका का घालायचात?” त्यांनी विचारलं.

“बाबा दोनच घालायचे. मला खात्री वाटायची नाही.”

“दोऱ्याची?”

“माझी.”

डॉक्टरबाईंनी मान हलवली, आणि सात पर्सेस एका बाजूला घ्यायला लागल्या. तीन चौकटी, दोन पेट्या, एक साखळी, एक बादली. “या मी नेते. चार राहू द्या. त्या कमी आहेत म्हणून नाही, गैरसमज नको. माझ्याकडे एका कपाटात एकच हात असतो, आणि चारांसाठी नवं कपाट मी काढत नाही. नेम मोडायचं वय नाही माझं.”

“सातांची खोली होत नाही ना पण?” धाकटीने विचारलं.

“नाही. एक कपाट होईल. नावासकट.”

“त्यांना स्वतंत्र खोली मिळणार होती,” धाकटी म्हणाली. कुणाकडे बघून नव्हे.

०

थोरला सातांची खोकी गाडीपर्यंत पोचवायला गेला आणि बराच वेळ बाहेरच राहिला. धाकटी टेबलाशी बसून चार कार्डं समोर घेऊन बघत होती. ती निघून जाईल असं आईला वाटलं होतं.

“राग आलाय का?” आईने विचारलं.

“आलाय. तुझा आलाय, दादाचा आलाय. बाबांचासुद्धा आलाय, पाच महिने होते ना हातात? मला एक फोन करता येत नव्हता?” तिने पहिलं कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. “वहिनी, इकडे या. बसा. उभ्याने काय?”

सून समोर बसली. त्या टेबलाच्या त्या बाजूला ती पहिल्यांदाच बसत होती. ती बाजू ग्राहकांची होती.

“मधाळ पेटी. किती दिवस?”

“एकोणीस.”

“मूठ?”

“आतला दोर कुजला होता. काढला. पट्ट्या घातल्या, सात. बाबा म्हणाले पाच पुरेत. मी सात घातल्या.”

“ते रागावले?”

“नाही. मूठ धरून बसले होते दिवसभर.”

धाकटी लिहीत गेली. साखळीवर नव्याने घातलेली टीप, कोपऱ्यांतल्या चामड्याच्या पाच चकत्या. बादलीच्या भोकांना लावलेल्या पितळी कड्या, ज्या सुनेने एका जुन्या चाबकाच्या मुठीवरून काढल्या होत्या. धाकटीला वर्षभर या गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या, कारण जिला त्या माहीत होत्या ती गप्प होती. प्रश्न विचारता विचारता तिचा आवाज दुकानातल्यासारखा झाला. सुनेचीही उत्तरं लांबत गेली.

“आता शेवटची ओळ,” धाकटी म्हणाली आणि थांबली. “काय लिहू? ‘शिवण : सून’ असं लिहू का बाबांच्या नावाखाली? म्हणजे त्यांचंही राहील.”

“सून कसली?” आई म्हणाली. “सुना घरोघरी असतात. कारागीर लिही, आणि एकटं हिचंच नाव लिही.”

धाकटीने आईकडे पाहिलं, मग लिहिलं. चारही कार्डांवर. शाई वाळल्यावर तिने कार्डं फिरवून सुनेपुढे सरकवली.

सुनेने एकेक वाचलं, शब्दावर बोट ठेवून, सावकाश. तीन कार्डं तिने बाजूला ठेवली. चंद्रकोरीचं हातात राहिलं.

“काय चुकलं?” धाकटीने विचारलं.

“इथे एक राहिलंय. तळाला मी चामड्याचा तुकडा घातलाय, तो चामड्याच्या ताणाच्या उलट्या रोखाने कापला गेला होता. शिवल्यावर लक्षात आलं. वरून काही कळत नाही, पण दहा-बारा वर्षांनी तिथेच भेगा पडतील.”

“मग? आजवर कुणाला दिसलं? डॉक्टरबाईंनासुद्धा नाही दिसलं. राहू दे की.”

“नाही वन्सं. तेव्हा खाली बाबांचं नाव होतं, म्हणून मी बोलले नाही.” तिने कार्ड धाकटीकडे परत सरकवलं. “आता माझं आहे. ते लिहा.”